तळहाताएवढी जागा

तुमच्या डोक्यात चाई पडली असेल तर हे वाचणं इथेच थांबवा, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन या आणि मग पुढचं वाचा. मी सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणून तर हे लिहायची वेळ आली. किती बायकांनी मला गुपचूप विचारलंय! कुणी लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात ओढून नेतं, कुणी फोनवर डोक्याचा फोटो पाठवतं आणि मी बघितला न बघितला तोच पुसून टाकतं. प्रत्येकीला तेच ते सांगून माझा घसा बसला. त्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी बोर्ली पंचतनच्या बाजारात ब्युटी पार्लर चालवते. आयब्रो, फेशियल, केस कापणं, लग्नसराईत नवरीचा मेकअप आणि अंबाडा. म्हणजे दुसऱ्यांच्या केसांवर माझं पोट आहे. देवाला विनोद करायचा होता, तो त्याने बरोबर माणूस बघून केला.

मागचा आरसा

केस कापून झाले की आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे एक छोटा आरसा धरतो, म्हणजे तिला पुढच्या आरशात आपली पाठमोरी बाजू दिसते. एका दुपारी पार्लरमध्ये कुणी नव्हतं. पाय दुखत होते म्हणून मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि सहज, काही उद्योग नाही म्हणून, तो आरसा स्वतःच्या मागे धरला. टाळूच्या जरा मागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. मला वाटलं आरशाला डाग पडलाय. मी ओढणीने आरसा पुसला आणि पुन्हा धरला. डाग तिथेच होता.

घरी माझ्या सासूबाई आणि नवरा. नवरा, संदेश, दिघीला बंदरावर क्रेन चालवतो. सासूबाईंना मी आई म्हणते. वाडीत कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाची टाच फुटली की आईंना हाक जाते आणि आई आपला बिब्बा घेऊन निघतात. दिव्यावर तापवलेला बिब्बा सुईने टोचायचा, त्याचं काळं तेल नेमकं जागेवर टेकवायचं. त्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही अशी त्यांची ख्याती होती.

"बघू," त्या म्हणाल्या. माझं डोकं त्यांनी उजेडाकडे वळवलं. "चाय हाय ही. किडा लागलाय केसांला. बिबा लावते. पंधरा दिसांत केस येतील बघ."

आता मजा बघा. गिऱ्हाइकाला साधा डाय लावायचा तरी मी आधी कानामागे थेंबभर लावून बघते. कोर्समध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात. स्वतःचं डोकं मात्र मी निमूटपणे पुढे केलं, कारण समोर सासू होती आणि सासूला कानामागे लावून बघता येत नाही.

बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी डोकं सुजलं, सूज डोळ्यांवर उतरली. फोड आले, फुटले, चिघळले. आईंनी नारळाचं दूध लावलं, खोबरेल लावलं, माझ्याशेजारी बसून राहिल्या. सगळं वाळून खपली पडली तेव्हा रुपयाएवढ्या जागेची तळहाताएवढी जागा झाली होती, चकचकीत, कुणी इस्त्री फिरवल्यासारखी.

अलिबाग

निदानाचा दिवस म्हणतात तो हा. अलिबागच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे आई माझ्यासोबत आल्या, कारण त्यांनाही तिथे मोतीबिंदू दाखवायचा होता. डॉक्टरांनी माझं डोकं भिंगातून बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे कुणी लावलं?"

आई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दोघींच्या भाकऱ्या.

"मीच लावलं," मी म्हटलं. "मोबाइलवर बघून."

"अहो, चाई होती ना ती? बहुतेक वेळा ती आपोआप भरून येते. थोडं औषध दिलं असतं. नुसती वाट बघितली असती तरी चाललं असतं." त्यांनी पेन ठेवलं. "आता खालची मुळंच जळलीत. इथे केस येणार नाहीत."

मी आईंकडे बघितलं नाही. येताना मुरुडपर्यंत एसटी, मग आगरदांड्याहून दिघीला बोट. बोटीत आईंनी पिशवी उघडली, अख्खी भाकरी माझ्या हातात दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात बिब्बा हा शब्द निघाला नाही. फळीवरचा बिब्ब्यांचा डबा कुठे गेला तेही मी विचारलं नाही.

मी खोटं बोलले तेव्हा मला वाटलं, किती चांगली सून आहे मी. पण त्या खोट्याने माझीच पंचाईत केली. जिच्यावर रागवायचं तिलाच मी निर्दोष सोडवून आणलं होतं. आता भांडू कशावरून? मग मी मिठावरून भांडले. आमटीत मीठ जास्त झालं, कमी झालं, बरोबर झालं तरी भांडले. राग इकडून तिकडून बाहेर पडायचा आणि मूळ जागेवर तसाच शिल्लक राहायचा.

गंगावन

टाळूवर मी खोट्या केसांचं गंगावन बसवायला लागले, नवरीला बसवते तसंच, चिमट्यांनी. वर ओढणी. वैशाखात त्याखाली इतकी खाज सुटायची की नवरीला पिना लावता लावता मला स्वतःच्या डोक्यात पिन खुपसावीशी वाटायची. पेडिक्युअर करणं बंद केलं, कारण त्यात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावं लागतं आणि ती वरून बघते. दिवेआगरच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायची फॅशन आली आणि त्यासाठी मला बोलावणी यायला लागली. समुद्रावर वारा असतो. मी तापाचं निमित्त सांगायचे. एकाच मोसमात मला इतके ताप आले की लोकांनी मला मलेरिया ठरवला.

मला एका जागी बसवेना. चहा टाकायचे आणि आरशाकडे जायचे. दूध उतू जायचं. पार्लरमध्ये दोन मोठे आरसे, मागचा आरसा वेगळा, त्यामुळे स्वतःला चुकवायची सोयच नव्हती. हा आजार आहे का, असं तुम्ही विचाराल. मीही रोज विचारायचे. मरणार तर नव्हते. दुखतही नव्हतं. पण जिचा धंदाच दिसण्याचा आहे तिने कुणाला काय सांगावं?

माझ्या शेजारी नसरीनचं शिवणकामाचं दुकान आहे. गंगावनाची गोष्ट घराबाहेर फक्त तिला माहीत. तिचा भाऊ गल्फमध्ये असतो, तो तुर्कस्तानात जाऊन केस लावून आला होता. ईदला तो आला तेव्हा मी त्याच्या कपाळाकडे इतकी बघत राहिले की त्यालाच लाज वाटली.

आधी मी मुंबईला एका डॉक्टरला दाखवलं होतं. त्याने जागा चाचपली, खूप वेळ दाबून बघितली आणि म्हणाला, "जळलेल्या कातडीवर सांगता येत नाही. कदाचित येतील." नसरीनच्या भावाने दिलेल्या इस्तंबूलच्या नंबरावर मी फोटो पाठवले, तर चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं, शंभर टक्के, काही काळजी नको. डोकं हातात घेऊन बघणारा माणूस 'कदाचित' म्हणाला आणि फोटो बघणारा 'शंभर टक्के'. मी कुणावर विश्वास ठेवला हे सांगायला नको. आजारी माणसाला आपल्या सोयीचंच ऐकू येतं.

शिवाय मुंबईत आमची अर्धी वाडी राहते. तिथे कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर एक तरी मावशी बसलेली असते. इस्तंबूलमध्ये मावशी नव्हती.

चालतेस म्हणजे?

संदेशला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"कशाला एवढं?" तो म्हणाला. "मला तू अशी पन चालतेस."

"चालतेस म्हणजे? मी काय जुनी स्कूटर आहे?"

बिचाऱ्याला प्रेमाचं काहीतरी बोलायचं होतं, जमलं नाही. सकाळी कामावर निघताना मात्र दारात थांबला आणि आतल्या खोलीकडे, आईंकडे, एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "जायचं तं जा. पन केसांसाठी जा. रागानं जाऊ नको."

हे मला बिब्ब्यापेक्षा झोंबलं. सकाळी जायचं ठरायचं आणि दुपारपर्यंत मोडायचं. भांडी घासताना वाटायचं, केसांसाठी परदेश, लाज वाटत नाही? गंगावनाचे चिमटे लावताना वाटायचं, जाणार म्हणजे जाणार. नसरीन म्हणाली, "मने, तुजा दिमाग भरती-ओहोटीवर चालतो काय? मी येते सोबत. मला तिथल्या मशिदी बघायच्यात. आता तरी अर्ज कर." पासपोर्टचा अर्ज मी तिच्या धाकाने केला.

भेटायला येणाऱ्या

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले. त्यांनी शेजारी विचारलं, बाई परदेशी कशाला जातेय? शेजारणीने ऐकलं होतं तेवढं सांगितलं, उपचाराला. झालं. डोक्याला सदा ओढणी, लग्नाच्या ऑर्डरी सोडते, सारखी तापाने पडते, आणि आता उपचाराला परदेशी. वाडीने हिशेब जुळवला. आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. नुसतं "तो आजार" म्हणतात आणि आवाज खाली करतात.

दुसऱ्या दिवसापासून बायका भेटायला यायला लागल्या. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून कुणी नारळ, कुणी केळी, कुणी बिस्किटांचा पुडा. पडवीत बसायचं, माझा हात हातात घ्यायचा, आणि त्या आजाराने कोण कोण गेलं ते सविस्तर सांगायचं. मी म्हणत होते, "अहो, मला काही झालेलं नाही." त्या एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "धीराची हाय हो."

रविवारी तर पडवी भरली. वरच्या वाडीच्या सुमनकाकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "मन मारू नको. खा, पी. माज्या जावेचं पन असंच केस गेलं पयलं. मंग लय हाल झालं गं तिचं." आणि पदर डोळ्यांना लावून आतल्या दाराकडे वळून म्हणाल्या, "पार्वते, गुणाची सून तुजी. देव चांगल्यांनाच नेतो बघ."

आई चहाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. बसल्या नाहीत.

"तिला कायबी झालेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "रुपयाएवढी चाय पडली व्हती. मी बिबा लावला. माज्या हातानं जळलं तिचं केस. डाक्टर म्हनला, लावला नसता तं आपसूक आलं असतं. आन् हिनं तिथं माजं नावसुदिक घेतलं न्हाय. मीच केलं म्हनाली." त्या सुमनकाकूंकडे वळल्या. "कुनाला रडायचं आसंल तं माज्यासाठी रडा. तिला कशाला मारताय जित्तेपनी?"

ज्यांच्या हाताला वाडी मानायची, त्या बाईने वाडीसमोर हात पालथे करून दाखवले होते. शेवटी सुमनकाकूंनी पदर सारखा केला आणि आणलेल्या नारळाकडे बघितलं.

"मंग ह्यो नारळ?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाल्या. "कालवणाला व्हईल."

मी मागील दारी जाऊन रडले. हुंदके देऊन, नाक शिंकरून, अगदी मोठ्याने. इतका काळ मिठावर काढलेला राग होता तो. बायका गेल्यावर आई मागे आल्या आणि माझ्याजवळ पायरीवर टेकल्या.

"बघू," म्हणाल्या.

खपली पडल्यापासून त्यांनी ती जागा बघितली नव्हती. मी चिमटे काढले, गंगावन काढून मांडीवर ठेवलं. त्यांनी आपला तळहात तिथे ठेवला. त्यांच्या हाताचा स्पर्श मला कडेकडेने कळला. मधे काहीच कळलं नाही.

"दुखतं?"

"नाही. तिथे काही कळतच नाही."

त्यांनी हात काढला नाही. मी म्हटलं, "आई, मला तुमचा फार राग आला होता."

"ठावं हाय. मिठावरनं भांडायचीस." मग म्हणाल्या, "जा तू. जाऊन ये."

गंमत म्हणजे आता जाण्याची घाई उरली नव्हती. बायकांना सगळं कळलं होतं, लपवायचं काही नव्हतं, भांडायचंही नव्हतं. मी मुद्दाम थोडे दिवस थांबून स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. तरी मला केस हवेच होते. वेणी घालताना तिथे हाताला कातडी लागू नये, एवढंच हवं होतं. मग मी तिकीट काढलं.

कदाचित

महामार्ग कायमचाच खणलेला असतो म्हणून आम्ही समुद्राने निघालो. मुरुड, अलिबाग, मांडव्याहून गेटवेची बोट. गंगावन मी घरीच ठेवलं होतं. बोटीच्या वाऱ्यात ओढणी खांद्यावर आली, ती मी तशीच राहू दिली. समोरच्या बाकावरच्या मुलीने एकदा बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. एवढ्याशा त्या नजरेला मी किती काळ घाबरले होते.

इस्तंबूलच्या विमानतळावर नसरीनने माझा दंड पकडला. जिकडेतिकडे डोक्याला पट्ट्या बांधलेले पुरुष! आमच्याकडे असा एक माणूस दिसला तर मारामारी कुठे झाली ते विचारायला गर्दी जमते. इथे ते बाजारात आइस्क्रीम खात फिरत होते, टाळूवर लाल ठिपके, आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. "या खुदा," नसरीन म्हणाली, "आपण टक्कल लपवायला इथे आलो, आणि हे इथे मिरवतायत."

फोटो बघून शंभर टक्के म्हणणारा माणूस डॉक्टर नव्हताच, ऑफिसात फोन घेणारा होता. खऱ्या डॉक्टर बाईंनी अंगठ्याने जागा दाबली, बराच वेळ दाबून बघितली आणि दुभाष्या मुलीमार्फत सांगितलं की जळलेल्या कातडीला रक्त कमी पोचतं, थोड्याच भागात केस लावू, काही धरतील, काही धरणार नाहीत. मुंबईचंच 'कदाचित' मी विमानाने जाऊन ऐकलं. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. आधी डोक्याला हात लावणाऱ्याचं ऐका, मग कुठे जायचं ते ठरवा. मी तिथे पोचलेच होते, डॉक्टर खरं बोलत होत्या, म्हणून मी हो म्हटलं.

इंजेक्शनं दुखतात. दुखत नाही म्हणून कुणी सांगितलं तर तो माणूस केस लावून आलेला नाही. त्यानंतर पालथं पडून राहायचं आणि डोक्यात कुणीतरी भाताची रोपं लावतंय असा आवाज नसलेला उद्योग सहन करायचा. मला त्या दिवशी भीती वाटली ती दुखण्याची नव्हे, हेही फुकट गेलं तर आईंना काय सांगायचं याची. संपल्यावर एका नर्सने माझे उरलेले लांब केस हळुवार सोडवले आणि वेणी घातली. पेड सैल पडले होते. एरवी मी टोकलं असतं. त्या दिवशी मात्र डोळे मिटून घेतले आणि तिला घालू दिली.

रविवार

लावलेले केस आधी गळतात आणि मग नवे येतात, हे तिथे नीट समजावून सांगितलं होतं. मी आईंनाही सांगितलं. पण उशीवर बारीक केस दिसले तेव्हा त्या हादरल्या. एकेक केस वेचून त्यांनी वाटीत ठेवले. "परत लावता न्हाय का येत?" म्हणाल्या. मग स्वतःलाच दोष दिला, मी बघितलं म्हणून गळले, माझीच नजर. मी हसले आणि लगेच आत जाऊन घाबरले, कारण मलाही तेच वाटत होतं की सगळं गेलं. हा काळ फार वाईट. डोक्यावर पुन्हा तीच इस्त्री आणि करायला काही नाही. या दिवसांत आरसा कमी करा. मला जमलं नाही, तुम्ही बघा.

आईंनी मात्र एक नेम धरला. रविवारी मी न्हाऊन आले की मला अंगणात पाटावर बसवायचं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा त्यांनी का कोण जाणे राखून ठेवलाय, त्यामुळे जवळचं बारीक त्यांना दिसत नाही. म्हणून त्या बोटाने बघायच्या. तेच बोट, बिब्बा टेकवणारं. कडेपासून हळूहळू आत फिरवायच्या.

"न्हाय," म्हणायच्या, आणि दोघी उठून कामाला लागायचो.

आज सांगायचं तर जागा पूर्ण भरलेली नाही. मधला एक पट्टा अजून तसाच आहे आणि तो बहुधा तसाच राहील. पेडिक्युअर मी पुन्हा सुरू केलंय, वरून बघणाऱ्या बघोत. दिवेआगरच्या ऑर्डरीही घेते. कुणी विचारलं तर सांगते, न विचारणाऱ्यांना आई सांगतात. बिब्ब्याला मात्र त्या हात लावत नाहीत. काटा मोडलेला माणूस आला की त्याला सरळ दवाखान्यात पाठवतात, आणि वर दटावतात.

पण ज्या रविवारचं मला सांगायचंय तो असा. नेहमीसारखी पाटावर बसले होते. आईंचं बोट कडेवरून आत सरकलं, पुढे गेलं आणि थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं, जपून, तव्याला हात लागावा तसं.

"मने," आई म्हणाल्या. "टोचतंय गं."

त्यांचं बोट मला कळत होतं.